गावाचे आरोग्य आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. जालना जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी झाली. ज्या कामात जन्म गेला, त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

मुलगी हुशार निघाली की तिला डॉक्टर करायचे, असे सारे घर म्हणते. नीट परीक्षेत तिचा क्रमांक लागला नाही की तेच घर स्थळे पाहू लागते. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ घरांत तर बारावीपर्यंतही थांबत नाहीत. आईबाप पाच-सहा महिने परमुलखात. वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी? मग अठराच्या आतच तिचे हात पिवळे होतात. डॉक्टरकी आणि बोहले यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, हे त्या आईला कोणी सांगितलेलेच नसते.

ती वाट सार्वजनिक आरोग्याची. म्हणजे काय, ते एका अनुभवावरून सांगते. एका वस्तीवर पावसाळा लागला की लेकरांना हगवण लागे. मी मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवी, गोळ्या देई. मुले बरी होत आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आजारी पडत. शेवटी मी वहीत आजारी मुलांची घरे लिहून काढली. बहुतेक सारी घरे एकाच आडाचे पाणी भरणारी निघाली. आडाचा कठडा फुटला होता आणि धुण्याचे पाणी आत झिरपत होते. बायका ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या, तेव्हा कठडा बांधला गेला व पाण्यात नियमाने टीसीएल पावडर पडू लागली. पुढच्या पावसाळ्यात माझ्या गोळ्या पुष्कळशा शिल्लक राहिल्या. रोग्याला बरे करणे ही एक विद्या. रोगी होऊच नये म्हणून शोध घेणे ही दुसरी, आणि तीही शिकावी लागते.

मोठमोठ्या डॉक्टरांनीही ती मुद्दाम शिकून घेतली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली जामखेडला काम उभारले आणि खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही तोच अभ्यास करून १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली. तिथे गावातल्या बाया घरोघर जाऊन नवजात बाळांचे श्वास मोजू लागल्या. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, हे त्यांना पक्के ठाऊक झाले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशभरच्या आशाताईंना हेच काम शिकवले गेले.

२०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिथे वर्षाला जागा शंभर. इकडे सपाटीच्या मुलखात साधारण ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र व ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. ही केंद्रे चालवायला शिकलेल्या मुली हव्यात.

आता शिक्षणाचे सांगते. हे घरी जाऊन मुलींना जरूर सांगा. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कला शाखेतून बारावी झालेली मुलगीही त्याला जाऊ शकते. जीएनएम तीन वर्षांचे. विज्ञान शाखेची मुलगी चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करू शकते आणि पुढे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होऊ शकते. कोणत्याही पदवीधर मुलीला सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची एम.पी.एच. ही पदवी खुली आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ती शिकवली जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या बापाने जमीन गहाण टाकून एका खाजगी संस्थेत फी भरली. दोन वर्षांनी कळले की संस्थेला मान्यताच नाही. पोरीची नोंदणी झाली नाही, आणि जमीनही सुटली नाही. म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला परिचर्या शिक्षणाची अधिकृत मान्यता आहे का, ते पाहा.

भगिनींनो, मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. हळदीकुंकू, भजन, सहली अवश्य व्हाव्यात; पण दरवर्षी ऊसतोडीच्या घरातली निदान एक मुलगी मंडळाने आपली म्हणावी. तिची फी, वसतिगृह आणि सुट्टीत राहायला एखादीचे घर, एवढे आपल्याला जड नाही. ती मुलगी शिकून एखाद्या उपकेंद्रावर बसेल, तेव्हा एका गावाच्या लेकरांची काळजी आपण वाहिली असे होईल.