बहिणाबाईंकडून शिकावेत अलंकार

अलंकार म्हटलं की शाळेत घोकलेल्या व्याख्या आठवतात. आपण खानदेशी माणसांनी ते बहिणाबाई चौधरींकडून शिकावेत. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या शेतकरी कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी पुस्तकरूपात आली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली.

संसाराला त्या चुलीवरच्या तव्याची जोड देतात आणि मध्ये ‘जसा’ ठेवतात. दोन गोष्टी वेगळ्या राहतात, साम्य उघड सांगितलं जातं. ही उपमा. मनाबद्दल बोलताना मात्र तो ‘जसा’ गळून पडतो. मन हेच पिकात शिरलेलं ढोर होतं. हे रूपक. मला रूपक अधिक ताकदीचं वाटतं, कारण तिथे तुलनेचा आधारच काढून घेतलेला असतो. शेतातून गुरं हाकलून दमलेल्या माणसाला आपलं मन काय आहे, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि पुराच्या दिवसांत शिरपूर तालुक्यात कुणी ‘तापीमाय कोपली’ म्हणालं, तर नदीला माणसाचा राग दिलेला असतो. ती चेतनगुणोक्ती.