किल्ली कोणाच्या हाती?

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने गुप्तलेखन हा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. हे क्षेत्र गणितज्ञांचे आणि संगणकतज्ज्ञांचे, असा आपला समज आहे. परंतु वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत सांकेतिक बोलण्या-लिहिण्याची कला आहे. बोटांच्या खुणांनी अक्षरे सुचविणारी करपल्लवी आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. आणि मराठीचे आद्य गद्य तर कित्येक शतके सांकेतिक लिपीच्या कुलपाआड राहिले. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मराठीच्या अभ्यासकालाही आहे, असे मी मानतो.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढच्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील सर्वांत प्रचलित ती सकळ लिपी. तिच्या निर्मितीचे श्रेय ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांना दिले जाते. हिच्याखेरीज सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा अनेक लिप्या पंथात होत्या. पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत, ही त्यामागील भावना. सकळ लिपीची युक्ती मात्र अवघड नव्हती. नागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजायचे, इतकेच तिचे तत्त्व.

अशी लिपी कशी उकलते, हे बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. चिन्हे मोजावीत आणि भाषेशी ताडून पाहावीत. मराठीत काना किती सढळपणे येतो ते पाहा. चिन्ह बदलले तरी त्याची वारंवारता लपत नाही. मग एवढे साधे कुलूप इतकी शतके टिकले कसे? ते पंथीयांच्या निष्ठेमुळे टिकले. हे ग्रंथ महंतांबरोबर थेट पंजाबपर्यंत गेले, पण किल्ली पंथाबाहेर गेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, डॉ. वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय सर्वांसमोर आले. निष्ठेने ग्रंथ जतन झाले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र तोवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या आपल्याच भाषेतील पहिल्या गद्याला मुकल्या, हेही तितकेच खरे.

कुलूप साधे असूनही किल्लीदार निष्ठावंत असला की गुपित टिकते. याच्या उलट उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते आपल्या बीदरचे आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. गवान स्वतः पत्रलेखनकलेचा जाणकार. ‘रियाज-उल्-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह प्रसिद्ध आहे. दैवदुर्विलास असा, की त्याचा घात एका पत्रानेच केला. फिरिश्ता सांगतो, की शत्रूंनी गवानचा मोहोरदार फितवला आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली. मग त्यावर ओढ्याच्या राजाला राज्यावर स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला. सुलतानापुढे गवानने मोहोर आपली असल्याचे मान्य केले, पत्र मात्र नाकारले. ते ऐकून घेतले गेले नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मोहोर अस्सल होती, परंतु मोहोरदार विकला गेला होता.

कोरा कागद आणि अस्सल मोहोर! आपल्या भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घ्यावा आणि रक्कम मागाहून लिहावी, यात गवानाचीच कथा लहान प्रमाणात घडत आली.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेतून आजची अंकीय सही विकसित झाली. १८८३ मध्ये केर्कहॉफ्स याने सांगून ठेवले होते, की कुलपाची रचना जगजाहीर झाली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त असावी. त्याच तत्त्वावर ही सही चालते. ती मजकुरातूनच गणिताने तयार होते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही, त्यामुळे कोऱ्या कागदावर करून ठेवलेली सही नंतरच्या मजकुराला चिकटवता येत नाही. गवानाला हेच हवे होते! तरीही मोहोरदाराचा प्रश्न सुटलेला नाही. खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली, तर सही त्याची होते. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारा भामटा कुलूप फोडत नाही. तो किल्लीच मागून घेतो. शिवाय परवलीचा शब्द बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. म्हणून यंत्रावर अंगठा टेकवताना तो कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हा अधिकार कागदावर आला, तोही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेमुळे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला.

आता आपल्या घराकडे वळू. ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा विचार चालू आहे, त्याचे मी स्वागत करतो. परंतु देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तकांचाच हिशेब नसतो. कोणी आजारावरचे पुस्तक नेले, कोणी घटस्फोटाच्या कायद्याचे, कोणी दुसऱ्या धर्माचे. त्या नोंदीत माणसाचे मन उघडे असते. ज्या निजामी राजवटीत सभेसाठीसुद्धा सरकारची परवानगी लागे, त्या काळात अशी वही कोणाच्या हाती पडते, याला किती महत्त्व असेल, याची कल्पना ज्येष्ठ सभासदांना सहज येईल. जुनी वही निदान एका कपाटात होती. संगणकातील वही क्षणात कोठेही जाऊ शकते.

म्हणून माझी सूचना अशी. ग्रंथसूची सर्वांना खुली असावी, वाचकाचे खाते मात्र बंद असावे. पुस्तक परत आले की कोणी नेले ही नोंद पुसली जावी. किती वेळा गेले एवढा आकडा उरला, तर ग्रंथखरेदीला पुरेसा आहे. आणि संगणकाची किल्ली कोणाकडे राहील, हे नियमावलीत स्पष्ट लिहिले जावे. महानुभावांच्या ग्रंथांनी शिकविले, की ज्ञान बंद ठेवल्यास समाज त्याला मुकतो. गवानाच्या मोहोरेने शिकविले, की व्यक्तीची खूण उघडी पडल्यास व्यक्ती जिवाला मुकते. ग्रंथ उघडे आणि वाचक सुरक्षित, हे दोन्ही सांभाळणारी संस्था म्हणजे ग्रंथालय.

हा ठराव दुसऱ्या शतकाच्या पहिल्याच सभेपुढे यावा, अशी माझी विनंती आहे.