भक्कमपणा कशात असतो?



सेवाग्रामची बापू कुटी आपण पाहिलेली आहे. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांखेरीज तिच्यात फारसे काही नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेगावास राहावयास आले, त्या काळातील ही वास्तू नियमित डागडुजीच्या बळावर आजही उभी आहे. यातील बांबूकडेच पाहा. आतून पोकळ, ठराविक अंतरावर गाठ, गाठीत आडवा पडदा, आणि बाहेरच्या अंगास तंतूंची दाटी. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्याच अंगावर येतो. बळ जेथे हवे तेथेच निसर्गाने ते ठेवले आहे.

हेच सूत्र आता केसाहून सूक्ष्म मापात वापरले जाते. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पोकळ निकेल-नळ्यांची एक जाळी तयार केली. ती पाण्याच्या सुमारे हजारपट हलकी होती; दाबून निम्मी केली तरी बव्हंशी पूर्ववत होई. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात सिरॅमिकच्या अतिसूक्ष्म जाळ्यांबाबतही हाच अनुभव आला. सिरॅमिक म्हणजे आपल्या कपबशीच्या जातीचा ठिसूळ पदार्थ! मात्र नळीची भिंत तिच्या व्यासाच्या मानाने जाड होताच जाळी फुटू लागली. अधिक माल म्हणजे अधिक टिकाऊपणा, ही आपली समजूत येथे टिकत नाही.

जाळीच्या काड्या भाराखाली वाकणाऱ्या असतील, तर घनता निम्मी करताच ताठपणा चौथाईवर येतो. त्रिकोणी बांधणीमुळे काड्यांवर केवळ ताण वा दाब येत असेल, तर तो निम्माच घटतो.

काही वर्षांपूर्वी छायाचित्रे घेण्यासाठी मी एका शाळेत गेलो होतो. तेथील पत्र्याच्या मांडवाचे खांब चांगले जाड सागवानी होते. खर्च वाचविण्याकरिता तिरपे आधार तेवढे गाळले होते. वावटळीत मांडव एका अंगास लवंडला. खांब एकही मोडला नाही, सांधे फिरले. मुले बाहेर होती, म्हणून वाचली. अंदाजपत्रकात खांबांची जाडी मीही वाचली होती. नकाशा पाहण्याचे मला सुचले नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनी वर्गात बांबूच्या चार कामट्यांचा चौकोन आणि तीन कामट्यांचा त्रिकोण दोऱ्याने बांधून मुलांच्या हाती द्यावा. चौकोन तत्काळ कलेल, त्रिकोण कलणार नाही. मग त्याच चौकोनात एक तिरपी कामटी बांधावयास सांगावी.