अलगोल : मंदावणाऱ्या ताऱ्याचा वेध



ययाती तारकासमूहात अलगोल नावाचा तारा आहे. ‘पिशाच्चाचे मस्तक’ अशा अर्थाच्या अरबी नावावरून तो ओळखला जातो. त्याचे तेज बदलते, हे इटलीतील मोंतानारी याने १७व्या शतकातच नोंदविले होते; परंतु त्या बदलाचा नियम प्रथम सिद्ध केला तो इंग्लंडमधील यॉर्क नगरीच्या जॉन गुडरिक या युवकाने. बालपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अलगोल त्याला नेहमीपेक्षा मंद भासला. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. एका रात्रीच्या अनुभवावर विसंबून न राहता, स्नेही एडवर्ड पिगॉट यांच्या साहाय्याने त्याने पुढे कित्येक महिने वेध घेतले. तेज मोजणारे उपकरण त्या काळी नव्हते. जवळच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करावी, अलगोल कोणाहून उजळ व कोणाहून मंद हे पाहावे आणि वेळेसह लिहून ठेवावे, एवढीच पद्धत होती.

त्या नोंदींतून नियम प्रकटला. अलगोल २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. गुडरिकचा आकडा याहून केवळ काही मिनिटांनी वेगळा होता. सुमारे दहा तास चालणाऱ्या या ग्रहणात त्याची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. म्हणजे प्रकाश एक तृतीयांशाहूनही कमी उरतो.

याचे कारण काय? एखादी काळोखी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असावी, किंवा ताऱ्याच्या एका बाजूस डाग असावेत, अशा दोन्ही शक्यता त्याने प्रामाणिकपणे मांडल्या. १७८३ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. २० एप्रिल १७८६ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

निर्णय लागण्यास शतक लोटावे लागले. १८८९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे फोगेल यांनी वर्णपटाचा अभ्यास केला. मंदावण्यापूर्वी तारा दूर जातो व नंतर जवळ येतो, असे त्यांना आढळले. सहचर तारा असल्याचे सिद्ध झाले. पुढे १९१० मध्ये अमेरिकेत जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियमच्या प्रकाशमापकाने दुसरी, अत्यंत सूक्ष्म घट टिपली. ती जेमतेम सहा टक्क्यांची होती. तेजस्वी तारा सहचराला झाकतो तेव्हा ती होते. सहचर सर्वस्वी काळोखा नाही, तोही प्रकाश देतो, हे त्यावरून कळले.

हिवाळ्याच्या आरंभी महाराष्ट्रातून अलगोल उत्तरेकडील आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पूर्ण तेजात असता तो देवयानीतील अल्मॅक ताऱ्याएवढा उजळ असतो. घरातील मुलांच्या हाती एक वही व घड्याळ द्यावे. त्यांनी काही रात्री सातत्याने तुलना करावी आणि जे दिसले तेवढेच लिहावे. गुडरिकची साधनसामग्री याहून फारशी निराळी नव्हती.