हलणारे पूल आणि आकाशांतील मापें



गोंदिया जिल्ह्यांतील सौंदड हें गांव आपणांपैकीं पुष्कळांनीं गाडीच्या खिडकींतूनच पाहिलें असेल. मुंबई-कोलकाता हमरस्ता व गोंदिया-बल्लारपूर लोहमार्ग तेथें जवळ येतात, आणि शेजारून चुलबंद नदी वाहते.

अशा नदीवरील पूल आपण अचल मानतों. वस्तुतः तो रोज हलतो. पौषांतील पहाटेच्या १० अंशांपासून वैशाखांतील दुपारच्या ४५ अंशांपर्यंत उष्णता चढली, कीं १०० मीटर लांबीची पोलादी तुळई सुमारें ४ सेंटिमीटर वाढते. तेवढ्यासाठीं सांधे सोडलेलेच असतात. भय आहे तें न परतणाऱ्या हालचालीचें.

ती ओळखावी कशी? सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून जी.पी.एस. उपग्रह लहरी धाडतात. त्यांतील एका लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. पुलावरील ग्राहकयंत्र ती लहर कोणत्या अवस्थेंत पोंचली तें सूक्ष्मपणें मोजतें. दुसरें यंत्र तीरावरील पक्क्या जमिनीवर असतें. दोहोंच्या मापांची वजाबाकी केली, कीं वातावरणाचे व उपग्रहाच्या घड्याळाचे सामाईक दोष बहुतांशीं गळून पडतात, आणि पुलाचें सरकणें मिलिमीटरांत सांगतां येतें. हाँगकाँगच्या १,३७७ मीटर गाळ्याच्या त्सिंग मा पुलावर या शतकाच्या आरंभीं अशीं यंत्रें बसविण्यांत आलीं.

मात्र उंचीचें माप आडव्या मापाहून बरेंच ढिलें येतें. कारण सारे उपग्रह डोक्यावर. पायांखालचा साक्षीदार कोणीच नाहीं! पाण्यावरून परतलेली लहरहि घोटाळा करते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरांत कोसळला, आणि एस्. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. तेथें असें यंत्र असतें तर? मला शंका आहे. दगडी कमान ताठ असते; ती फारशी लवत नाहीं, एकदम तुटते. प्रवाह पायाखालची वाळू ओढून नेत असला, तरी खांब कलेपर्यंत माथ्यावरचें यंत्र स्वस्थच राहतें.

म्हणून लांब, लवचिक पुलांस उपग्रह. आणि सौंदडच्या आसपासच्या आंखूड पुलांस, पावसाळ्याच्या आधीं व नंतर खांबाशीं उतरून पायाची झीज पाहणारा माणूस, असा माझा कौल आहे. यंत्र बसवावयाचेंच झालें, तर तें खांबाच्या माथ्यावर बसवावें, आणि ठराविक कल ओलांडतांच रस्त्यावरील दांडा आपोआप खालीं यावा. सकाळीं कचेरींत पोंचणाऱ्या आलेखाचा मध्यरात्रींच्या गाडीस कांहींच उपयोग नाहीं.