पेशीची दुरुस्ती रोखणारं औषध

माणसाच्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते. पेशीतलं पाणी, ऑक्सिजन, ऊन, तंबाखूचा धूर अशी कारणं त्यामागे असतात. तरीही पेशी तगतात, कारण दुरुस्ती करणारी प्रथिनं सतत कामावर असतात. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याच यंत्रणेवर कर्करोगाचं एक औषध बेतलेलं आहे.

डीएनएचा एक धागा तुटला, तर तो सांधायला पार्प हे प्रथिन धावून येतं. दोन्ही धागे तुटले, तर बिनचूक दुरुस्तीसाठी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची प्रथिनं लागतात. या जनुकांतला दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. अशा गाठीत जनुकाची दुसरी, चांगली प्रतही बहुधा निकामी झालेली असते. तिथे पार्प रोखलं, की किरकोळ जखमा पेशीविभाजनाच्या वेळी मोठ्या होतात, त्या नीट सांधल्या जात नाहीत आणि पेशी मरते. निरोगी पेशी मात्र शाबूत प्रतीच्या जोरावर बऱ्याच अंशी निभावून नेतात.

२००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांच्या दोन गटांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं. पार्प रोखणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अंडाशयाच्या कर्करोगासाठी डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळाली. पुढे स्तन, स्वादुपिंड आणि प्रोस्टेटच्या काही कर्करोगांसाठीही. काही गाठी मात्र बीआरसीए जनुकात नवा बदल होऊन औषधाला दाद देईनाशा होतात. बीआरसीएत दोष असलेल्या गाठींसाठी पोलीमरेज थीटा हे दुसरं दुरुस्ती-प्रथिन रोखण्यावरही संशोधन चालू आहे.