अलिबागला विसावलेली तारामती

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात जुन्या चित्रपटांचे जे शौकीन आहेत, त्यांना १९७३ सालच्या 'बॉबी'मधली आजी आठवत असेल. नातीवर जीव टाकणारी मिसेस ब्रॅगान्झा. ही भूमिका करणाऱ्या दुर्गाबाई खोटे आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहायला आल्या. तोवर त्यांच्या पाठीशी जवळपास पन्नास वर्षांचं काम जमा झालं होतं.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतल्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्न होऊन त्या खोट्यांच्या घरी गेल्या, बकुल आणि हरीन ही दोन मुलं झाली. पुढे दिवस फिरले आणि मिळकतीसाठी घराबाहेर पडावं लागलं. त्या काळी कुलीन घरातल्या स्त्रीनं सिनेमात जाणं म्हणजे नाव घालवणं, असा समज होता. १९३१ च्या 'फरेबी जाल'मधल्या लहानशा भूमिकेनंतर त्यांच्यावर टीकेचा भडिमारही झाला.

पण लगेच पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी त्यांना तारामती केलं. प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट. कोल्हापुरात तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नट-नटींनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं. दुर्गाबाई तशाच गायल्या. तारामती लोकांच्या मनात घर करून बसली आणि शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलींसाठी चित्रपटाचं दार किलकिलं झालं.

नट-नटी तेव्हा एकेका कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी ती चाकोरी मोडली. प्रभातचं काम करता करताच त्या कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी देवकी बोस यांच्या 'सीता'त उभ्या राहिल्या. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्या सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलावरचा हक्क हिरावला गेल्यावर समुद्रावर बंड उभारणारी ही स्त्री! किनाऱ्यावरच्या माणसांना तर ती आपलीच वाटावी. पुढे त्या चित्रपटनिर्मितीतही उतरल्या.

१९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली. तेव्हा त्या जेमतेम छत्तीस वर्षांच्या होत्या. नायिकेचं सिंहासन जपत बसण्यापेक्षा भूमिकेचा कस त्यांना मोलाचा वाटला. म्हणूनच १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेली जोधाबाई त्या इतक्या ताकदीनं उभी करू शकल्या. १९६३ मध्ये जेम्स आयव्हरींच्या 'द हाउसहोल्डर'मध्ये त्या शशी कपूरच्या आई होत्या. 'बिदाई'साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

रंगभूमीला त्यांनी कधी दुय्यम मानलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्या वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. १९५४ मध्ये संघानं वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' रंगभूमीवर आणलं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं हे मराठी रूप. त्यातली महत्त्वाकांक्षी राणी दुर्गाबाईंची. चित्रपटातली सोशिक तारामती आणि रंगमंचावरची ही राणी, दोन्ही एकाच बाईनं उभ्या केल्या, हे आज सांगितलं तर नव्या पिढीला नवल वाटेल.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार, असे मान त्यांना लाभले. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. १९८८ मध्ये दूरदर्शनवर घराघरांत पोचलेली 'वागले की दुनिया' ही मालिकाही दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. 'अयोध्येचा राजा' मात्र आजही पाहायला मिळतो. तो पाहाल तेव्हा तारामतीच्या गाण्याकडे कान द्या. तो आवाज दुर्गाबाईंचा स्वतःचा आहे.